तुमच्याकडचं वेगळं

जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे उतरवून कुणाला पाळी आली आहे ते तपासलं गेलं. आमच्या मावसबहिणींच्या ग्रुपवर सगळ्या संतापल्या होत्या. पण मुलींना पाळीबद्दल सारं चौथी-पाचवीतच सांगून ठेवायला हवं, असं मी लिहिल्यावर त्यांच्यातल्याच तिघी म्हणाल्या, "इतक्या लवकर कशाला? लहान आहेत गं. तुमच्याकडचं वेगळं."

मी एडिंबरोला राहते. आमच्याकडचं काही बाबतीत खरंच वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये 15 ऑगस्ट 2022 पासून, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याला 75 वर्षं झाली त्याच दिवसापासून, गरज असेल त्या प्रत्येकीला पॅड मोफत मिळण्याचा कायदा लागू आहे. शाळेत पॅड मागताना कुणी पोरीकडे वळून पाहत नाही. भारतातही 2018 मध्ये सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी गेला, याचा मला आनंद आहे. पण ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 26 वर्षं 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणारं मासिक चालवलं, त्याच महाराष्ट्राने 2007 मध्ये शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद केलं, हे आठवलं की वाईट वाटतं.

माझी चूक मात्र इथेच झाली. शाळेतून पत्र आलं की पुढच्या महिन्यात मुलामुलींना एकत्र बसवून वयात येण्याबद्दल शिकवणार आहोत, आणि मी निर्धास्त झाले. लेक दहा वर्षांची. शाळेत शिकल्यावर तिला अंडाशय कुठे असतो, पाळी का येते, सगळं तोंडपाठ होतं. आणि तीच पोर तीन आठवडे अंघोळीला गेली की दार घट्ट लावून रडत होती. एका बाजूच्या स्तनाग्राखाली तिला दुखरी गाठ लागली होती. आपल्याला कॅन्सर झालाय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

वयात येण्याची सुरुवात बहुतेक मुलींत अशीच होते. आठ ते तेरा या वयात कधीतरी छातीवर छोटीशी गाठ येते, पुष्कळदा आधी एकाच बाजूला, आणि हात लागला तरी दुखते. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते. म्हणजे शरीर आपल्याला दोन वर्षं आधी कळवत असतं. "इतक्या लवकर कशाला" म्हणणाऱ्या बहिणींना मला हेच सांगायचंय: आठवीत सांगू म्हणाल, तर बऱ्याच मुलींची पाळी तोवर येऊन गेलेली असेल. सुरुवातीची एक-दोन वर्षं ती अनियमित असते, हेही सांगायला हवं, नाहीतर मधला महिना चुकला की पोर पुन्हा एकटीच घाबरते.

लहानपण सांगण्याने जात नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या मुलीचं गेलं, ते मी गप्प राहिले म्हणून. पॅड सरकार देईल, धडा शाळा शिकवेल, पण छातीतली गाठ ती दाखवणार कुणाला? आईला, नाहीतर बाबाला. तिचा बाबा आता तिच्या दप्तरातल्या छोट्या पिशवीत पॅड आणि जादा निकर आहे ना, हे स्वतः बघतो. तो विषय निघाला की पूर्वी खोलीतून निघून जायचा.

सुट्टीत आम्ही भारतात येणार आहोत. तिथेच पाळी आली तर आजीला काय सांगायचं, असं लेकीने विचारलं. लहानपणी मी ऐकलेले शब्द 'कावळा शिवला', 'बाहेरची', 'अडचण'. मी तिला 'पाळी' हा एकच शब्द शिकवला आणि आईला फोन केला. म्हटलं, तिला बाजूला बसवायचं नाही, देवघरातही जाऊ द्यायचं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस समजत होते, कुठेतरी लागलंय. तिला दे फोन."