खेत्रीच्या खाणीत "सोन्याची भिंत"? नाही हो, ते चॅल्कोपायराइट आहे

राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यातल्या खेत्रीच्या तांब्याच्या खाणीत सोन्याची भिंत सापडली असा एक मेसेज फिरतोय, दोन ग्रुपवर मलाच आला म्हणून लिहितोय. तो पिवळा चमकणारा दगड सोनं नाहीये, चॅल्कोपायराइट आहे, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक, आणि त्यात वजनाने साधारण 34 टक्के तांबं असतं. ओळखायचं सोपं आहे, टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, सोन्याची रेघ पिवळीच उठते, याची हिरवट काळी. सोनं ठोकलं की पसरतं, हा दगड चुरा होतो. वजनात तर तुलनाच नाही, सोनं पाण्याच्या 19 पट जड, हे जेमतेम 4 पट.

आता पूर्ण खोटं म्हणणार नाही, तांबं वीज लावून शुद्ध करताना खाली जो गाळ बसतो त्यातून थोडं सोनं-चांदी मिळू शकतं, पण ते कणाकणाने, भिंत वगैरे नाही. आणि खेत्रीला सोन्याची गरज तरी काय, याच पट्ट्यात गणेश्वर या प्राचीन वस्तीच्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीचे तांब्याचे बाणाग्र निघालेत, मला तरी ते जास्त भारी वाटतं!