शहर बस ‘स्वतःची’ म्हणजे नेमकी कोणाची? एका निवृत्त वाहक काकांना उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले, पण उत्तर लिहायला धीर होत नव्हता. इतरांसाठी थोडक्यात सांगते. काका एसटीत वाहक होते, पंचवटी डेपोतून निवृत्त झाले. माझ्या लेखात ‘८ जुलै २०२१ रोजी नाशिकला पहिल्यांदा स्वतःची शहर बस मिळाली’ असं वाक्य होतं, ते त्यांना लागलं. त्यांचं म्हणणं असं की अर्धं नाशिक आम्ही वाहिलं आणि तुम्ही एका वाक्यात त्यावर बोळा फिरवलात. मोटारी आल्या म्हणून नाशिकची जुनी ट्राम बंद पडली, हे मी लिहिलेलं त्यांना मान्य नाही. शहर बस एसटीने मारली नाही, शेअर रिक्षात चढणाऱ्या नाशिककरांनी मारली, असं ते म्हणतात. आणि शेवटी एक टोला आहे: ‘ताई, निमाणी ते अंबड कधी उभ्याने गेलात का?’

टोल्यापासूनच सुरुवात करते. निमाणी-अंबड नाही, पण उत्तमनगर ते सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) पाच वर्षं गेले, आणि बहुतेक दिवस उभ्यानेच. वाहकाने दांड्यावर तिकिटाचा पंच टकटकवला की गर्दीतून सुट्टे पुढे सरकायचे आणि तिकीट मागे यायचं. मधल्या चार हातांपैकी एकानेही कधी रुपया लांबवला नाही. तेव्हा बसचा अनुभव नसताना लिहिलंय, हा आरोप तेवढा मागे घ्या.

ट्रामबाबत मात्र तुमचं बरोबर, मी घाईने लिहिलं. रेल्वे आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. मधे रान. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोडपासून स्टेशनपर्यंत अडीच फुटी रुळांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे ज्यांचं नाव झालं ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता होते. १९३०च्या दशकात ती बंद पडली. त्याआधी दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तिचं कंबरडं मोडलं होतं. प्लेगमध्ये गाव सोडून माणसं रानात झोपड्या टाकून राहायची, तिथे ट्रामने जाणार कोण? सगळं खापर मोटारींवर फोडणं चूकच होतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ती ट्रामही नाशिकची नव्हती, मुंबईच्या कंपनीची होती. हा धागा पुढे लागणार आहे.

आता मुख्य भांडण, रिक्षा आधी की फेऱ्या बंद आधी?

शेअर रिक्षाने प्रवासी पळवले, हे कोण नाकारेल? तिघांच्या जागी पाच, त्यातले दोन चालकाच्या दोन्ही अंगांना, हा प्रवास मीही केला आहे. पण लोक हौसेने गेले का? थांब्यावर पाऊण तास उभं राहून बस येणार की नाही हेच कळत नसेल, तर समोर ‘शालिमार, शालिमार’ ओरडणाऱ्या रिक्षात माणूस बसणारच. प्रवासी गेले की भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं, भारमान घसरलं की फेरी रद्द, फेरी रद्द झाली की आणखी प्रवासी जातात. चक्र कुठून सुरू झालं यावर आपण दोघं जन्मभर वाद घालू. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ते चक्र थांबवण्यात कोणाचा जीव अडकला होता?

एसटी जन्मली ती गाव गावाला जोडण्यासाठी. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली पुण्याहून नगरला. तिचा सगळा हिशेब त्या धाटणीचा आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत सीट एकदा भरली की शंभर किलोमीटर ती भरलेली राहते. शहर बसचं तसं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगू? सकाळी सिडकोतून सातपूर एमआयडीसीला जाताना दारात लोंबकळणारी माणसं आणि परत येताना रिकामी गाडी. दर चार-पाचशे मीटरला ब्रेक, क्लच, पुन्हा पहिला गिअर. द्वारका चौकात अडकली की डिझेल जळतंय आणि किलोमीटर मात्र होत नाहीत. आठ तासांच्या ड्युटीत लांब पल्ल्याच्या गाडीच्या निम्मंही अंतर पडत नाही, पण चालक-वाहकाचा पगार तोच. म्हणजे प्रति किलोमीटर उत्पन्नाचा तक्ता काढला की नाशिक-पुणे विनाथांब्यापुढे निमाणी-अंबड कायम नापास. परीक्षाच तिच्यासाठी नव्हती.

शहर बस तोट्यात चालते, हे मुंबईत आणि पुण्यातही खरं आहे. फरक एवढाच की तिथे तो तोटा शहराच्या घरातला असतो. मुंबई पालिकेने बेस्ट १९४७ मध्ये ताब्यात घेतली, कोल्हापूरची केएमटी १९६२ची. तोटा झाला की सभागृहात भांडणं होतात, आयुक्तांना धारेवर धरतात, पण रडतखडत पैसे दिले जातात, कारण बसवर शहराचं नाव असतं. नाशिक महापालिका झाली ७ नोव्हेंबर १९८२ ला. नाशिक, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली गाव, सातपूर अशी एकमेकांपासून लांब असलेली गावं एका हद्दीत आली, अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटरचं शहर झालं. अशा विरळ, पसरट शहराला बस आधी हवी आणि घंटागाडी नंतर, असं माझं मत आहे (घंटागाडीवाले माफ करतील). पण त्यानंतर जवळजवळ एकोणचाळीस वर्षं बस एसटीच्याच गळ्यात. फेऱ्या कमी झाल्या की सभागृहात आरडाओरडा आणि पत्र एसटीच्या विभाग नियंत्रकांना. पालिकेला तिचा खर्च नको, एसटीला तिचा तोटा नको. चुलतभावाकडे ठेवलेल्या म्हातारीसारखी गत. औषधाच्या वेळी दोघंही एकमेकांकडे बघतात.

तेव्हा काका, मी दोष देते तो तुमच्या खात्याला नाही, आणि शालिमारला रिक्षात चढणाऱ्या बाईलाही नाही. दोष माझ्या शहराच्या नगरपित्यांचा आणि त्यांना याबद्दल कधीच न विचारणाऱ्या आम्हा मतदारांचा आहे.

एसटीची ताकद काय असते, हे २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात दिसलंच. गाड्या शहराबाहेर थांबवून भाविकांना आत आणायचं होतं, त्यासाठी राज्यभरातून गाड्या आणणं एसटीशिवाय कोणाला जमलं असतं? पहिल्या पर्वणीला, म्हणजे मोठ्या स्नानाच्या दिवशी, बंदोबस्तच इतका कडक केला की लोकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं, तो भाग वेगळा.

आता ‘स्वतःची’ या शब्दाकडे येते. तो मी मागे घेते, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही.

सिटीलिंक, म्हणजे पालिकेची ही नवी बससेवा, सुरू झाली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. अडीचशे गाड्यांची योजना, बहुतेक सीएनजीवर, काही डिझेलवर, तपोवन आणि नाशिकरोडला डेपो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला, पुढल्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा त्र्यंबक-सिन्नरच्या माणसांनाही याच गाड्यांचा आधार होता. पण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी स्वतःलाच विचारलं, या बसमध्ये पालिकेचं काय आहे? गाडी ठेकेदाराची, त्याला किलोमीटरमागे पैसे, प्रवासी असोत वा नसोत. चालक ठेकेदाराचा. वाहक दुसऱ्या ठेकेदाराचा. पगार थकले म्हणून वाहकांनी एकदा नाही, कित्येकदा काम बंद केलं आणि शहराची बस सकाळी डेपोतच उभी राहिली. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा हातात भविष्य निर्वाह निधी होता, गणवेशावर महामंडळाचा बिल्ला होता. आजच्या पोराकडे तिकिटाचं मशीन आहे आणि पुढच्या महिन्याची धाकधूक आहे.

एक बाजू मात्र सोडत नाही. आज तोटा पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतो. वर्तमानपत्रात आकडा येतो, नगरसेवक त्यावर बोलतात, चुकीचं का होईना बोलतात. एसटीच्या काळात नाशिकच्या शहर बसचा तोटा राज्याच्या मोठ्या तोट्यात विरघळून जायचा. नाशिककराला तो कधी आपला वाटलाच नाही.

आणि हो, २०२१ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) २,०९२ कोटी जाहीर झाले, त्याचं काय, असं तुम्ही जाताजाता खवचटपणे विचारलंय. त्यावर मी काही बोलत नाही, थांब्यावर उभी आहे.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं. आता ते असं आहे: ‘८ जुलै २०२१ पासून नाशिकच्या शहर बसचा खर्च महापालिका उचलते, त्याआधी अनेक दशकं ही बस एसटीच्या चालक-वाहकांनी चालवली.’ ट्रामचा परिच्छेदही दुरुस्त केलाय. अजून काही खटकलं तर सांगा. आणि तिकिटांची ती जुनी पेटी घरी असेल, तर रंगीत गठ्ठ्यांचा एक फोटो पाठवाल का? कोणत्या रंगाला किती पैसे, यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत.