तीन बाणांची कटकट
प्रोग्रामिंग शिकवताना कोडची उदाहरणं छोटी ठेवा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण छोटं म्हणजे इम्पोर्टच्या (बाहेरचा तयार कोड आत आणणाऱ्या) ओळी गाळणं नव्हे, नवशिका नेमका तिथेच अडतो! पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या उदाहरणांत ओळीआधी येणारे ते तीन बाण (>>>) मलाही नकोसे वाटायचे. फाइलमध्ये तसेच चिकटवले की सिंटॅक्स एरर (भाषेच्या नियमात न बसणारी ओळ असल्याची तक्रार) ठरलेली. पण त्यांच्यामुळेच कोड कुठला नि आउटपुट कुठलं हे चटकन कळतं. शिवाय २००१पासून पायथनसोबत येणारं डॉकटेस्ट हे तपासणीचं साधन हेच बाण शोधून उदाहरण चालवतं आणि छापलेलं उत्तर जुळतं का ते बघतं. तेव्हा बाण राहू द्यात, कॉपीच्या बटणाने तेवढे वगळावेत. आणि उदाहरणांतली ती 'फू', 'बार' अशी निरर्थक नावं कृपया आवरा. व्हेरिएबलला 'बिल', 'ग्राहक' म्हटलं तर काय बिघडतं?