पक्षी न सापडण्याची सोपी रीत

सह्याद्रीच्या उतारावर दीडशे एकरांत सेकंड होमची टाउनशिप काढताय ना? मग पर्यावरण मंजुरीसाठी पक्ष्यांचं सर्वेक्षण आलंच. घाबरू नका. पक्षी शोधणं अवघड असतं. तो न सापडणं हा फक्त वेळापत्रकाचा प्रश्न आहे.

तुमच्या उतारावर रुंद शेपटीचा गवतपक्षी राहतो. पश्चिम घाट सोडून जवळपास कुठेच नसलेला, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला. मातकट रंगाचा, चिमणीहून जरासा मोठा, वर्षातले बरेच महिने गवतात दडी मारून बसणारा. मात्र पावसाळ्यात गवत कमरेला लागलं की नराच्या अंगात येतं. ओल्या काडीच्या टोकावर चढतो, तिथून धुक्यात झेपावतो, शेपटी पंख्यासारखी पसरून फडफडत गातो आणि दगड टाकावा तसा पुन्हा गवतात गडप होतो. हे बघायचं तर जुलैत चष्मा पुसत तासन् तास चिखलात उभं राहावं लागतं.

म्हणून तुम्ही मार्चमध्ये जा.

यात नियमांचीच साथ आहे. खाणींच्या पर्यावरण अभ्यासासाठी सरकारने घालून दिलेल्या ठरावीक अटी वाचा: एका हंगामाची पाहणी पुरे, तोही पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायला ते ठीकच, पावसात धूळ कुठली? पण त्याच ओळीत झाडं-प्राणीही बसवलेत. तुम्हीही तोच कित्ता गिरवा. मार्चमध्ये अर्ध्या उतारावरचं गवत कापलेलं असतं, उरलेलं वणव्यात काळं झालेलं. तिथे दुर्बीण लावून प्रामाणिकपणे बघा. हो, प्रामाणिकपणेच! खोटं लिहायची वेळच येत नाही, हेच या पद्धतीचं सौंदर्य.

वेळ साडेअकराची बरी. पुण्याहून आरामात निघून, वाटेत मिसळ खाऊन पोचता येतं. कावळा, साळुंकी, बुलबुल, घार लिहून घ्या. प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरची यादी मात्र जुन्या अहवालातून उचलली तरी चालते. फक्त उचलण्याआधी एकदा वाचा. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या अहवालाचे उतारे आले होते आणि कोकणातले पक्षी स्प्रूस-बर्चच्या जंगलात राहायला गेले होते. इतकं स्थलांतर बरं दिसत नाही.

अहवाल कोणी लिहायचा? पैसे तुमचे, तेव्हा सल्लागारही तुम्हीच नेमायचा. मुलीसाठी आलेलं स्थळ कसं आहे ते वरपित्यालाच लिहून द्यायला सांगावं, तशी ही सोय.

शेवटी उपाययोजनांचं पान असतं. तिथे सढळ हात ठेवा: झाडं लावू, लाकडी घरटी टांगू. हा पक्षी गवतात जमिनीलगत गवताचंच गोल घरटं करतो, त्याला झाड नको आणि खोकं तर नकोच. पण मंजुरी देणाऱ्यांपुढे फोटोत खोकंच छान दिसतं. उताराला मात्र सगळीकडे 'पडीक' म्हणा. गवताला जंगल म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. आणि जनसुनावणीत कोणी उठून बोलेल ही धास्ती तर सोडूनच द्या. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना त्यातून आधीच वगळलंय.

एकच धोका उरतो, गुराखी. तुम्ही दुर्बीण गळ्यात घालून उभे असताना तो काठीवर हनुवटी टेकून विचारेल, "काय बघताय, सायेब?" तुम्ही सांगाल, पक्षी. तो हसेल. "त्यो व्हय? आता कुठला! गवत वर येऊ द्या, मग नाचतोय बघा." यावर "हो का" म्हणून बिस्किटाचा पुडा द्यावा आणि वहीत 'स्थानिकांशी चर्चा केली' असं लिहावं. चर्चा काय झाली ते लिहायला रकाना नसतो.

नंबर मात्र देऊ नका. तरी तो तुमच्या ड्रायव्हरकडून घेईलच. जुलैत, मंजुरीचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यात, फोन वाजेल. पावसाचा आवाज, वारा, आणि मधेच तो ओरडेल, "सायेब, ऐका, ऐका, वर गेला बघा!"

रेंज नाही म्हणा.