‘पार्ट कॅडमध्येच फिरवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अबॅकस या ॲनालिसिसच्या, म्हणजे भागावर जोर आल्यावर तो किती वाकेल ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट एकत्र मांडतात ती असेंब्ली. बाहेरून आलेला पार्ट तिच्यात कसा फिरवायचा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘हे काम कॅडचं आहे, तिथेच फिरवून स्टेप फाईल पुन्हा आणा. ज्याला एवढंही कळत नाही त्याने ॲनालिसिस शिकवू नये.’ मुद्दा पहिल्या वाक्यात संपला होता. मग दुसरं कशासाठी? इथे नुकतीच नोकरीला लागलेली मुलं वाचायला येतात. त्यांच्यासमोर असं बोलल्यावर शंका विचारायला कोण धजेल? मला राग आला तो याचा.

एक मान्य करतो. फिरवण्याआधी एककं तपासा, ही सूचना मी लेखाच्या शेवटी दिली. ती आधी यायला हवी होती.

आता तुमचं पहिलं वाक्य, म्हणजे पार्ट ज्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला त्या कॅडमध्येच फिरवायचा. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या पुरवठादारांची कामं मी वर्षानुवर्षं केली आहेत, म्हणून हे अनुभवाने सांगतो. गिऱ्हाईक स्टेप फाईल पाठवतं, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी पार्टच्या आकाराची फाईल. त्यात फीचर ट्री, म्हणजे पार्ट कोणत्या पायऱ्यांनी बनवला त्याची यादी, नसतो, आणि मूळ कॅडचं लायसन्स आपल्याकडे नसतं. इंजिनाचा ब्रॅकेट गाडीच्या अक्षांत काढलेला असतो, म्हणजे एक्स मागे, झेड वर आणि ब्रॅकेट तिरका. टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीच्या सांगाड्यावर, मात्र तो सपाट बसतो. रिगचं मॉडेल करायचं तर फिरवणं आलंच.

समजा, कॅड हाताशी आहे. तिथे फिरवून आणलेल्या फाईलमध्ये तो किती फिरवला याची खूणच उरत नाही, नुसते बदललेले सहनिर्देशक मिळतात. असेंब्लीत इन्स्टन्स (तिथे मांडलेली पार्टची प्रत) फिरवला, तर पार्ट आला तसाच राहतो आणि इनपुट फाईलमध्ये, म्हणजे अबॅकसला मॉडेल देणाऱ्या मजकुराच्या फाईलमध्ये, इन्स्टन्सखाली दोन ओळी येतात. पहिलीत सरकवण्याचे 3 आकडे. दुसरीत 7 आकडे, अक्षावरच्या दोन बिंदूंचे 6 आणि कोनाचा 1. तपासणाऱ्याला बाकी काही विचारावं लागत नाही. पार्टवर दिलेलं मटेरियल ओरिएंटेशनही, म्हणजे मटेरियलच्या दिशाही, इन्स्टन्सबरोबर फिरतं.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही. एका कामात कॅडमध्ये फिरवलेला पार्ट माझ्याकडे आला, आणि लोडचे आकडे होते गाडीच्याच अक्षांतले. कोणी काही सांगितलं नव्हतं. जॉब, म्हणजे अबॅकसचं गणित, एकही एरर न देता पूर्ण झाला. ब्रॅकेट भलत्याच बाजूला वाकतोय हे विकृतीच्या चित्रात दिसलं तेव्हा संशय आला. मग जुन्या-नव्या फाईलींतल्या बोल्टच्या भोकांचे मध्यबिंदू जुळवून कोन शोधत बसलो. तुम्ही नवशिक्यांना सुचवताय तो मार्ग हाच आहे.

लोकल अक्ष (मॉडेलच्या मुख्य अक्षांऐवजी आपण ठरवलेले) वापरले की फिरवायची गरजच नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. लेख लांबल्याची तक्रार असेल, तर वाचायची सक्ती कोणी केली नव्हती.

तुमच्या एखाद्या जुन्या कामाची इनपुट फाईल उघडा. पार्ट किती अंशांनी फिरवला होता ते तिच्यातून काढून दाखवा, मग पुढे बोलू.