फुल फ्रेम घेतला की सगळं निघतं? डीएसएलआर निवडीच्या एका लाडक्या सल्ल्याचा प्रतिवाद

डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं मनात आलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "मेगापिक्सेल जास्तीत जास्त बघा. जमलं तर फुल फ्रेमच (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला) घ्या. पैसे बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) घाला, लेन्स काय, पुढे कधीही घेता येते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि सेकंदाला निघणारे फोटो यांचे आकडे मोठे असले म्हणजे बघायला नको. पक्षी असोत, नाटक असो की फुलावरचा किडा, सगळं निघतं. आणि जुना मात्र घेऊ नका." सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण हा सल्ला ऐकणारा आपल्याला नेमकं काय टिपायचंय हा प्रश्नच विचारत नाही, आणि वर्षभरानं महागडी बॉडी कपाटात पडून राहते. म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासू.

"मेगापिक्सेल जास्तीत जास्त बघा"

२४ मेगापिक्सेल म्हणजे सुमारे ६००० × ४००० ठिपके (पिक्सेल). इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशेबानं त्यातून २० × १३ इंचांचा प्रिंट निघतो. फोर-के पडद्यावर मावतात ३८४० × २१६० ठिपके, म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. फोटो पडद्यावरच बघितले जाणार असतील तर २४ मध्येच दोन तृतीयांश पिक्सेल शिल्लक उरतात.

शिवाय हा आकडा क्षेत्रफळाचा असल्यामुळे फसवतो. निकॉन डी८५० चे ४५.७ मेगापिक्सेल २४ च्या जवळजवळ दुप्पट वाटतात, पण फोटोची रुंदी ६००० वरून ८२५६ वरच जाते. बारकावा वाढतो तो ३७ टक्क्यांच्या आसपास, तोही लेन्स तेवढी धारदार असेल आणि हात स्थिर असेल तर. जास्त मेगापिक्सेलमुळे फोटो जास्त हलतो असं नव्हे; एकाच आकारात छापले तर दोन्ही फोटो सारखेच हललेले दिसतील. पण मग ते जादा पिक्सेल घेतले कशाला? त्यांचा उपयोग व्हायचा असेल तर ट्रायपॉड तरी लागतो, नाहीतर १/फोकल लेंग्थ (५० मिमीच्या लेन्सला १/५० सेकंद) या नेहमीच्या हिशेबापेक्षा दुप्पट वेगाचा शटर. त्यात डी८५० ची एकेक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल ५० एमबीच्या आसपास जाते.

२०२० मध्ये कॅननचा १डीएक्स मार्क ३ आला २०.१ मेगापिक्सेलचा आणि निकॉनचा डी६ आला २०.८ चा. दोन्ही कंपन्यांकडे तेव्हा ४५-५० मेगापिक्सेलच्या बॉडी होत्या, तरी खेळांसाठीच्या आपल्या सर्वांत वरच्या कॅमेऱ्यात त्यांनी २० च ठेवले. तिथे वेग आणि बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत धरून ठेवणारी कॅमेऱ्यातली मेमरी) हवा होता. भिंतभर प्रिंट, निसर्गदृश्यं, उत्पादनांचे फोटो, लांबचा पक्षी कापून मोठा करणं, अशा कामांना मात्र ४५ खरोखर उपयोगी पडतात.

"फुल फ्रेमच घ्या"

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी हा छोटा सेन्सर निकॉनमध्ये साधारण २३.५ × १५.६ आणि कॅननमध्ये २२.३ × १४.९. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सुमारे २.४ ते २.६ पट, म्हणजे त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राचा आकार; एफ/ चा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) थोडा जास्त फायदा. हा फायदा खराच आहे, पण लेन्समुळे मिळणारा फायदा याहून कितीतरी मोठा असू शकतो.

रंगमंचाचंच उदाहरण घ्या. मध्यम प्रकाश आहे, आणि एफ/२.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ १६०० ला बरोबर एक्स्पोजर (उजेड) मिळतंय. कलाकार हलतात, त्यामुळे शटर १/२५० च्या खाली नेता येत नाही. एपीएस-सी बॉडीवर १८-५५ किट लेन्स (बॉडीसोबत येणारी साधी झूम) ५५ ला नेली की ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; आयएसओ ६४०० करावा लागतो. त्याच बॉडीवर ५० मिमी एफ/१.८ लावून एफ/२ ठेवलं तर आयएसओ ८०० पुरतो. आता फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यासोबत येणारी एफ/४ झूम घ्या: आयएसओ ३२००. सेन्सरचा एक-सव्वा स्टॉप वजा केला तरी फोटोतले दाणे (नॉइज) एपीएस-सीच्या १४००-१६०० इतके दिसतात. म्हणजे छोटा सेन्सर आणि साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स ही जोडी इथे जवळजवळ एका स्टॉपनं पुढे राहते. झूमची सोय जाते, हे कबूल. पण अंधाऱ्या सभागृहात आधी फोटो स्वच्छ यायला हवा.

पक्ष्यांच्या बाबतीत तर हिशेब उलटाच होतो. पक्षी लांब, लेन्स ५०० मिमी, आणि तरीही तो फ्रेममध्ये लहानच. फोटो कापायचाच असेल तर मोठ्या सेन्सरचा बाहेरचा भाग फेकूनच द्यायचा. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम एपीएस-सीच्या चौकटीएवढा कापला की दहा-साडेदहा मेगापिक्सेल उरतात. निकॉन डी५०० त्याच चौकटीत २०.९ देतो. कापल्यावर वापरला गेलेला सेन्सरही तेवढाच, त्यामुळे कमी दाण्यांचा फायदाही उरत नाही. डी८५० कापल्यावर १९ च्या वर उरतात, म्हणून तो दोन्हीकडे चालतो, पण खांद्यावरचं वजन वाढवून.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. कॅननच्या ईएफ-एस (एपीएस-सीसाठी बनवलेल्या) लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स बसतात, पण बॉडी आपोआप क्रॉपमध्ये जाते (सेन्सरचा मधला भागच वापरते) आणि २४ चे दहा-साडेदहा मेगापिक्सेल होतात. त्यामुळे फुल फ्रेमवर जाणं म्हणजे बहुतेक वेळा लेन्सही नव्यानं घेणं.

"पैसे बॉडीत घाला, लेन्स पुढे बघू"

या सल्ल्यातलं हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं. निकॉनचा एफ माउंट (बॉडीला लेन्स जोडायची खाच) १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. बॉडी येतात आणि जातात, चांगली लेन्स मात्र तीन-चार बॉडींना पुरते. एकूण रकमेचा निदान अर्धा भाग लेन्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल ती बॉडी घ्या.

"पुढे बघू" म्हणणाऱ्यांची फजिती होते ती लेन्स जुळण्यावरून. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांमधल्या बॉडीत फोकस मोटर नाही. ५० मिमी एफ/१.८डी सारखी जुनी लेन्स त्यावर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस चालत नाही. आत मोटर असलेली 'जी' अक्षराची एएफ-एस आवृत्ती हवी. डी७५०० मध्ये मोटर आहे. उलट बाजूनं, २००-५०० एफ/५.६ई सारख्या 'ई' लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, ते डी९० सारख्या जुन्या बॉडीला हलवताच येत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

"आयएसओचा आकडा मोठा हवा"

डी५०० च्या माहितीपत्रकात आयएसओ १६,४०,००० लिहिलंय. त्याची मूळ मर्यादा ५१,२०० आहे. वरचं सगळं नुसतं वाढवलेलं सिग्नल आहे आणि त्या टोकाचा फोटो ओळखूही येत नाही. हा आकडा बघून कॅमेरा निवडू नका.

"सेकंदाला जास्त फोटो म्हणजे खेळ आणि पक्षी पक्के"

जास्त फोटो निघाले तरी सगळेच फोकसबाहेर असतील तर उपयोग शून्य. उडणाऱ्या पक्ष्यासाठी आधी शटर १/२००० च्या आसपास, फोकस सतत चालणाऱ्या मोडवर (निकॉनमध्ये एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्वो), आणि मग फोकस पॉइंट किती व कुठे पसरलेले आहेत ते. निकॉन डी३५०० मध्ये ११ पॉइंट, त्यातला क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेघांवर फोकस धरणारा) मधला एकच. डी५०० मध्ये १५३, जवळजवळ चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत. पक्षी मध्यातून सरकला की पहिला सोडून देतो, दुसरा धरून ठेवतो. त्यानंतर बफर: भरला की कॅमेरा अडखळतो, आणि हे नेमकं पक्षी झेप घेतो तेव्हाच होतं. वेगवान कार्ड घातलं तर तो लवकर रिकामा होतो.

"एकाच कॅमेऱ्यात सगळं निघतं"

निघतं, पण कसं? किड्याचे डोळे टिपायचे असतील तर १:१ मॅक्रोला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा टिपताना) एपीएस-सीवर एफ/११ लासुद्धा फोकसमधला पट्टा १ मिलिमीटरहून कमी असतो. डोळा नीट आला तर पाय धूसर. त्यात १:१ ला लेन्स पुढे सरकल्यामुळे एफ/११ चा प्रकाश एफ/२२ इतकाच उरतो, म्हणून फ्लॅश आणि त्यावर डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) लागतोच. निकॉनची ६० मिमीची मॅक्रो १:१ ला टोकापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर काम करते, लेन्सची सावली पडते आणि किडा उडतो. १००-१०५ मिमीला १३ ते १५ सेंटिमीटर अंतर मिळतं. इथे बॉडी कुठलीही चालते. निर्णय लेन्स आणि फ्लॅशचा आहे.

निसर्गदृश्यासाठी ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, आणि आरसा आधीच वर उचलणारा मोड. किट लेन्ससुद्धा एफ/८ ला इथे छान काम करते.

व्हिडिओचं मात्र नीट बघा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून टिपताना) आरसा वर असल्यानं नेहमीचा फोकस सेन्सर बंद पडतो. कॅननच्या २०१३ च्या ७०डी पासून आलेलं ड्युअल पिक्सेल तंत्र तिथेही सफाईनं फोकस करतं. निकॉनच्या डी७८० आधीच्या डीएसएलआरमध्ये फोकस मागेपुढे शोधत राहतो. माइक जोडायचा असेल तर डी३५०० ला ती सोयच नाही, डी५६०० ला आहे.

"जुना घेऊ नका"

कॅनन आणि निकॉनची शेवटची नवी डीएसएलआर मॉडेलं २०२० ची. आता जुन्या बाजारात उत्तम बॉडी आणि लेन्स भरपूर आहेत, आणि डीएसएलआरच हवा असेल तर तिथे न जाणं हेच नुकसानीचं. तपासून घ्या म्हणजे झालं.

पहिलं, शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडला तो आकडा). डी३५०० चा शटर १ लाखांसाठी, डी८५० चा २ लाखांसाठी तपासलेला आहे. निकॉनच्या फोटो-फाइलमध्येच हा आकडा असतो, कॅननच्या बहुतेक बॉडींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं. दुसरं, सेन्सर: एफ/१६ ला मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत टिपा. पुसट करडे ठिपके म्हणजे धूळ, ती निघते; ठळक रेघ म्हणजे ओरखडा, तिथून परत फिरा.

तिसरं, फोकस. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, दीड मीटरवर एक उभं पुस्तक आणि त्याला टेकून ४५ अंशांत तिरकी ठेवलेली मोजपट्टी. पुस्तकाच्या अक्षरांवर मधल्या एकाच पॉइंटनं फोकस करा, दर वेळी आधी फोकस बिघडवून, असे दहा फोटो. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एक घ्या आणि तुलना करा. दहाही फोटोंत पट्टीवरचा धारदार भाग पुस्तकाच्या पुढेच किंवा मागेच पडत असेल तर बॉडी आणि लेन्सचं जुळलेलं नाही. डी७५०० किंवा डी५०० मध्ये एएफ फाइन ट्यूननं ते घरच्या घरी दुरुस्त होतं. डी३५०० आणि डी५६०० मध्ये ती सोय नाही, सर्व्हिस सेंटरलाच द्यावं लागतं. धारदार भाग कधी पुढे, कधी मागे असा भटकत असेल तर फाइन ट्यूनही कामाचं नाही. ती जोडी तिथेच सोडा.