नगरसेविकेचे दाजी

आमच्या मंडळी 2017 साली महापालिकेत निवडून आल्या. मराठवाड्यातली 'ड' वर्गाची, म्हणजे सगळ्यात लहान गटातली महापालिका. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्हीही चहाला याल. निकालाचा गुलाल अजून कानातून निघाला नव्हता, तोच सकाळी सहाला दारात माणूस उभा. "ताई हायत का? नळाला पानी येईना." ताई आंघोळीला गेल्या होत्या. "मग दाजी, तुमीच बघा की!" तेव्हापासून मी अख्ख्या प्रभागाचा दाजी आहे.

माझं किराणा दुकान आहे. उधारीच्या वहीत 'घर' नावाचं एक पान असतं, तिथं पूर्वी साबण आणि तूरडाळ दिसायची. निवडणुकीनंतर त्या पानावर ओळीनं साखर, चहापत्ती, साखर, पारले, साखर. नोकर पोरानं तर खात्याचं नावच बदलून 'प्रभाग' असं लिहिलं. मी खोडलं नाही.

त्याच वर्षी जुलैत शासनानं नगरसेवकांचं मानधन वाढवलं. मुंबईला 25,000, पुणे-नागपूरला 20,000, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिकला 15,000 आणि आमच्यासारख्या उरलेल्यांना महिना 10,000. म्हणजे आकडा ठरवायचा मंत्रालयानं आणि पैसे द्यायचे ज्या त्या महापालिकेनं. शहर मोठं तसं मानधन मोठं, हा हिशोब कुणी बसवला कुणास ठाऊक. मुंबईचा माणूस नगरसेवकाचं घर शोधेपर्यंत त्याची लोकल सुटते. आमच्याकडं नळ, नाली, रेशनकार्ड आणि नवरा-बायकोचं भांडण, सगळं थेट ओट्यावर. भांडणाला तर दोन कप जास्त लागतात, कारण दोन्हीकडचे पाहुणे येतात.

लग्नसराईत तर विचारूच नका. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'त ताईंचं नाव छापून आणायचं आणि हळूच म्हणायचं, "यावंच लागतंय." नाव छापलं की पाकिटात पाचशेची नोट घालावी लागते, शंभराची चालत नाही. एका तिथीला चार लग्नं आली की मानधनातले दोन हजार मांडवातच जिरले. वर गणपती, जयंती, सप्ता यांच्या पावत्या वेगळ्या. पावती फाडणारं पोरगं आकडा विचारतही नाही, घरूनच लिहून आणतं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो सांगतो, शेजारी न्यूयॉर्कात मानधनासाठी दर चार वर्षांनी समिती नेमायची तरतूद आहे. 2015 मध्ये समितीनं नगरसेवकाला वर्षाला 1,38,315 डॉलर सुचवले; नगरसेवकांनी 2016 मध्ये स्वतःच मतदान करून 1,48,500 घेतले. तेव्हाच्या भावानं जवळपास एक कोटी रुपये! बदल्यात बहुतेक बाहेरची कमाई बंद. मी मंडळींना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो नियम इथं आणला तर तुमचं दुकान बंद करावं लागंल." मी म्हटलं, "दुकान बंद झालं तर चहा कुठून पाजणार?" यावर स्थायी समितीतही इतकी शांतता होत नसेल.

2022 मध्ये मुदत संपली, निवडणूक लांबली, महापालिकेत प्रशासक आले. मानधन त्याच महिन्यात थांबलं. माणसं थांबली नाहीत. "ताई आता माजी झाल्यात," असं मी दारातच सांगून पाहिलं. म्हातारबा पायरीवर टेकत म्हणाले, "असू द्या, आमाला काय घाई नाही." प्रशासकांच्या कचेरीत चिठ्ठी द्यावी लागायची, शिपाई आडवा यायचा, आमच्या दारात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. ते बिस्किटाला सोकावलंय.

गेल्या दिवाळीत मेव्हणा आला. तो आठ हजारांवर वस्तीच्या गावाचा सरपंच. सप्टेंबर 2024 मध्ये शासनानं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, त्याचे 5,000 चे 10,000 झाले. म्हणजे खेड्यातला भाऊ आणि शहरातली बहीण एका रांगेत, तेही बहीण माजी झाल्यावर. तिसरा कप संपवून तो तावातावानं म्हणाला, "अक्का, नगरसेवकांवर अन्याय व्हायलाय. आपण मुंबईला मोर्चा काढू. माणसं माझ्याकडं लागली. जीपच्या डिझेलचं आन् जेवनाचं तेवढं दाजी बघतील."